स्कोव्रोनेकच्या नावावर अजून किती शिंगरं विकायची?

खोगीरभरती
स्कोव्रोनेक म्हणजे अरबी घोड्यांच्या पैदाशीतला जुना, नावाजलेला नर. काल नालबंद यांनी ठोकून दिलं, की 'कुठलाही चांगला अरबी घोडा घ्या, बापाच्या रेघेत वर स्कोव्रोनेक निघतोच. नर निवडताना तेवढं बघा, बाकी सोडा.' याचं उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

बापाची रेघ म्हणजे बाप, त्याचा बाप अशी साखळी; तिच्यातून पोचतं ते वाय गुणसूत्र. घोड्याच्या 32 जोड्यांतल्या एका जोडीचा अर्धा भाग. डोक्याची ठेवण, पाठ, चाल यांचा जवळजवळ सगळा हिशेब उरलेल्या जोड्यांत असतो. घोडीला तर वाय मिळतच नाही, मग तिच्या कागदावर ही रेघ कशाला मिरवायची?

मोनोग्राम हा नर घ्या, 1985 चा. बाप नेगात्राझ, मग बास्क, विट्राझ, ओफिर आणि टोकाला 1931 साली वाळवंटातून पोलंडला आलेला कुहैलान हैफी. स्कोव्रोनेक कुठाय? नेगात्राझच्या आईकडून. नेगोत्का, तिचा बाप नेगातिव, त्याचा बाप नसीम, आणि तिथे स्कोव्रोनेक. तुमच्या नियमाने मोनोग्राम बाद!

आणि अस्सल इजिप्शियन घोड्यांचं काय? नझीर हा नर 1934 चा. इजिप्तमधल्या बहतीमला बाजूला पडला होता, पुढे एल झहरा स्टडच्या पेटको-सांडनरने तो हेरला. जर्मनीतल्या मार्बाखला हदबान एनझाही आणि गझल, अमेरिकेला मोराफिक, रशियाला अस्वान, ही सगळी त्याची पोरं. यांत स्कोव्रोनेकचा थेंब नाही.

नालबंद
'बापाची रेघ' हा शब्द घसरला, मान्य. इजिप्शियनही सोडले. पण मोनोग्राममध्ये स्कोव्रोनेक सापडला की नाही? आईकडून का होईना. मग एवढी आरडाओरड कशासाठी?

तो पसरला कसा हे कोणी सांगतच नाही. जन्म 1909, अंतोनिनी स्टडचा. 1913 ला इंग्लंडात आणि 1920 ला लेडी वेंटवर्थच्या क्रॅबेट स्टडमध्ये. 1930 ला मेला. म्हणजे क्रॅबेटमध्ये हातात वर्षं दहाच. त्या दहा वर्षांत बाईंनी त्याच्यावर कुठल्या घोड्या भरवल्या? 1891 ला इजिप्तहून आणलेल्या मसऊद या नराच्या रक्ताच्या. पुढे त्याची पोरं निघाली: रसेन 1926 ला केलॉग या पैदासकाराकडे कॅलिफोर्नियात, रॅफल्स 1932 ला ओहायोत, नसीम 1936 ला रशियातल्या तेर्स्क स्टडला. तीन पोरं तीन दिशांना. प्रत्येक ठिकाणी त्यांच्या पोरींवर पुन्हा जवळचेच नर लावले. याला नशीब म्हणत नाहीत.

टाचणी
दोघेही आकडे सोडून भांडताय. वंशावळीत नाव एकदाच आलं, तर दहाव्या पिढीत त्याचा वाटा 1/1024, म्हणजे 0.1 टक्का. तेच नाव दहाव्या पिढीत 40 ठिकाणी आलं तर जेमतेम 4 टक्के. म्हणून नाव आहे का हे विचारू नका, किती ठिकाणी आणि कितव्या पिढीत आहे ते मोजा.

रॅफल्समध्ये स्कोव्रोनेकचं रक्त एवढं का भरलं होतं? तो बापलेकीचा मुलगा. बाप स्कोव्रोनेक, आई रिफाला, आणि रिफालाचा बापही स्कोव्रोनेकच. म्हणजे 75 टक्के. निव्वळ या एका नात्याने अंतःप्रजननाचा (जवळच्या नात्यातल्या जुळणीचा) गुणांक 25 टक्के. क्रॅबेटमध्ये त्याला वांझ समजून काढला, अमेरिकेत गेल्यावर त्याच्याकडून शिंगरं झाली. एका घोड्याचं रक्त असं घट्ट करता येतं; नुसती रेघ ओढून नाही.

सब्जा
घट्ट करायच्या गोष्टी चालल्यात, तर नर विकणाऱ्यांनी आजवर चाचण्या का दडपल्या तेही सांगा. पाच पिढ्यांची नावं सोनेरी अक्षरांत, आणि स्किडचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच नसण्याच्या आनुवंशिक रोगाचा, निकाल? 'विचारा, सांगू'!

स्किडची चाचणी 1997 पासून आहे. डीएनएतला पाच बेसचा एक तुकडा गळालेला असतो. दोन्ही आईबाप वाहक (स्वतः निरोगी, पण दोष पुढे देणारे) असले तर चारातलं एक शिंगरू आजारी. जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण चिकातून आईची प्रतिपिंडं मिळालेली असतात. ती एक-दोन महिन्यांत ओसरली की नाक वाहतं, न्यूमोनिया होतो, औषधांनी पुन्हा पुन्हा बरं वाटतं आणि सहा महिन्यांच्या आत मरतं. मालक म्हणतो, 'थंडी लागली.' रक्तात लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एका मायक्रोलिटरला कायम हजाराखाली दिसले तर थंडीवर ढकलू नका.

नालबंद
म्हणजे आता स्कोव्रोनेक रोगाचा बापही झाला?

सब्जा
मी असं म्हटलेलंच नाही. तुम्हीच तोंड उघडलंत.

टाचणी
आणि ते सिद्धही होणार नाही. ज्या घोड्यांच्या वंशावळीत तो सगळीकडेच आहे, तिथे आजारी शिंगराच्याही सापडणार आणि धडधाकटाच्याही. त्यावरून रोगाचा उगम कसा ठरवणार?

निकालाचं मात्र सब्जा बरोबर बोलतात. आयाळीचे किंवा शेपटीचे 20-30 केस उपटायचे, कापायचे नाहीत. मुळाशी पांढरा गोळा दिसला पाहिजे, डीएनए तिथेच असतो. केस कोरडे हवेत. ओले केस प्लास्टिकच्या पिशवीत भरले तर बुरशी धरतात. लहान शिंगराचे शेपटीचे घ्या. वाहक निघाला म्हणून लगेच खच्ची करू नका. वाहक आणि स्वच्छ यांच्या जोडीत आजारी शिंगरू होत नाही, अर्धी वाहक होतील इतकंच. चांगले वाहक एकदम काढलेत तर चांगलं रक्तही त्यांच्याबरोबर जाईल.

नालबंद
घ्या, हेच मी म्हणत होतो. रक्त जपा!

खोगीरभरती
तुम्ही रेघ जपा म्हणत होता. शब्द फिरवू नका.

सब्जा
स्किडवर थांबू नका. लव्हेंडर फोल या रोगाचं शिंगरू फिकट रंगाचं होतं, मान मागे टाकतं, उभंच राहत नाही. सेरेबेलर अबायोट्रफी या लहान मेंदूच्या रोगाचं काही आठवड्यांनी डोकं हलवायला लागतं आणि पाय अवाजवी उचलून टाकतं. तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या, एकाच्या निकालावरून दुसऱ्याचं काही कळत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मान उचलून देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) शोधतात, तसा जाहिरातीवर आधी हा निकाल शोधा.

नालबंद
बरं बाबा, निकाल छापायला लावतो. सोनेरी अक्षरांत! पण नसीमचं एकही नाव नसलेला, चाचणीत निव्वळ स्वच्छ नर तुम्ही तरी घोडीवर लावाल का, खोगीरभरती?

खोगीरभरती
पाय सरळ असतील तर लावेन. मागच्या पायाचा घोटा आत वळला असेल तर नसीम चाळीस वेळा असला तरी नाही. आणि धाग्याचं शीर्षक बदलणार नाही, विचारायच्या आधीच सांगतो.