जुने हॉरर कॉमिक्स स्लॅबमध्ये कायमचे बंद करणं मला पटत नाही

जुनंपान: बरेच दिवस मनात होतं ते लिहितोय. १९५० ते ५४ मधले ईसी या अमेरिकन प्रकाशनाचे हॉरर अंक लोक ग्रेडिंगला, म्हणजे अंकाच्या स्थितीला गुण लावून घ्यायला पाठवतात, ते कडक प्लॅस्टिकच्या केसमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये, सीलबंद होऊन येतात आणि मग आयुष्यभर फक्त कव्हर बघायचं. माझ्याकडे 'हॉन्ट ऑफ फिअर'चा एक अंक आहे, पिना गंजलेल्या, त्यांच्याभोवती तपकिरी डाग, आणि आत एका जाहिरातीचं कुपन कुणीतरी पेन्सिलने अर्धंच भरून सोडलंय, अक्षर मोठं मोठं, लहान मुलाचंच असणार. तोंडातून लाळेच्या तारा लोंबणारी, ईसीचा चित्रकार ग्रॅहम इंगल्सची प्रेतं त्या मुलाने बघितली आणि मग कुपन भरायला बसला. केसमध्ये घातला की हे पान गेलंच ना?

रात्रपाळी: भावना समजते, पण कागदाला भावना कळत नाहीत. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन (लाकडातलं कागद पिवळा पाडणारं द्रव्य) आणि आम्ल, सत्तर वर्षांनी कडा बिस्किटासारख्या तुटतात. प्रत्येक वेळी उघडलं की पाठीवर एक नवी रेघ. आणि फसवणुकीचं काय? मी एकदा एका विक्रेत्याकडून अंक घेतला, घरी येऊन मोजला तर कडा कापून सरळ केलेल्या, कव्हरवर रंगाचा हात फिरवलेला. सीजीसी या कंपनीचं ग्रेडिंग २००० साली सुरू झालं, त्याआधी विक्रेत्याच्या शब्दावरच सगळं होतं. आता असं रिस्टोरेशन, म्हणजे मागाहून केलेली डागडुजी, सापडलं तर जांभळं लेबल लागतं. वाचायचंच असेल तर रिप्रिंट आहेत की.

जुनंपान: फसवणुकीचं मान्य, घेताना स्लॅबमधलाच घ्या. पण आम्ल कागदातच आहे, वरून प्लॅस्टिक लावून ते थांबत नाही, त्याचा वेग कमी होतो तो थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागेने, आणि तिथे मायलरच्या (पारदर्शक, टिकाऊ प्लॅस्टिकच्या) पिशवीत बिनआम्लाचा पुठ्ठा घालूनही ठेवता येतं. रिप्रिंटचं म्हणाल तर गुळगुळीत कागदावर कॉम्प्युटरने भरलेले रंग नुसते अंगावर येतात. ईसीची रंगकार मेरी सेव्हरिनचे रंग खरखरीत कागदात मुरलेले असतात, जवळून बघितलं तर ठिपके दिसतात, रात्रीचा निळा तर असा की आत काहीतरी लपलंय असं वाटतं. शिवाय अंकात दोन पानं नुसत्या मजकुराची असायची, पोस्टाच्या स्वस्त दरासाठी ती लागायचीच. ती कुणी कौतुकाने वाचत नसेल पण मला ती हवीत.

काळीमांजर: मी सिनेमावाली, पण जुनंपान यांच्या बाजूने. १९२२ चा 'नोस्फेराटू' हा सिनेमा परवानगी न घेता 'ड्रॅक्युला'वरून काढला म्हणून त्याचा लेखक ब्रॅम स्टोकरच्या विधवेने केस केली, कोर्टाने प्रिंट नष्ट करायला सांगितल्या, तरी तो वाचला कारण काही प्रिंट आधीच इकडेतिकडे पोचल्या होत्या. उलट लॉन चेनीचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा सिनेमा, त्याची शेवटची माहीत असलेली प्रिंट एमजीएम स्टुडिओच्या व्हॉल्टमध्ये नीट बंद होती आणि १९६५ च्या आगीत गेली. मला तर वाटतं गोष्ट हातोहाती फिरते तेव्हाच टिकते.

रात्रपाळी: मांजरताई, प्रिंट पसरल्या म्हणून वाचलं हे बरोबर, पण कॉमिक्स लाखांनी पसरलेलेच होते आणि हातोहाती फिरूनच फाटले. १९५४ ला कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का यावर अमेरिकन सिनेटची सुनावणी झाली, मग प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेली नियमावली, कॉमिक्स कोड, आला, नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्दसुद्धा चालेनात, ईसीचे हॉरर अंक त्याच वर्षी बंद. तेव्हा ईसीचा मालक विल्यम गेन्सने काय केलं? प्रत्येक अंकाच्या काही कोऱ्या करकरीत प्रती गुंडाळून ठेवल्या, मूळ चित्रंसुद्धा जपली. आजच्या सगळ्यात चांगल्या प्रतींमध्ये त्या मोजतात. कुणी न वाचता ठेवल्या म्हणूनच ना?

जुनंपान: गेन्सच्या प्रतींचं खरंच उत्तर नाही माझ्याकडे, त्या बंदच राहू देत, मी स्वतःसुद्धा उघडणार नाही. पण त्याने सगळ्याच प्रती गुंडाळल्या नव्हत्या, बाकीच्या मुलांना वाचायला छापल्या होत्या. माझा अंक ग्रेडिंगमध्ये मुळातच दहापैकी ३.० च्या वर जाणार नाही, त्याला केसमध्ये घालून मी नेमकं काय वाचवतोय? भाव? मला विकायचाच नाहीये तो.

रात्रपाळी: ३.० असेल तर नका घालू, तिथे मी भांडणार नाही. ८.० च्या वर मात्र माझं मत तेच. पण एक करा, पिना गंजल्यात म्हणता तर मधलं पान सुटायला आलं असेल, पूर्ण उघडून सपाट करू नका, हाताच्या ओंजळीत अर्धवट उघडा ठेवूनच वाचा.

काळीमांजर: आणि त्या कुपनाचा फोटो काढून ठेवा हो, पेन्सिल पुसट होत जाते.

जुनंपान: आज रात्रीच काढतो, फ्लॅश न वापरता.