मुली तीन, मग ‘हॅज’ का?

बी-१०३ (आजी): सर्वांस नमस्कार. नातवाच्या वहीत डोकावता डोकावता मी इंग्रजी शिकू लागले आहे. काल ‘शी हॅव थ्री डॉटर्स’ असे लिहिले, तर त्याने लाल पेनने ‘हॅव’ खोडून वर ‘हॅज’ केले. मुली तीन असताना क्रियापद एकवचनी कसे, असे विचारले, तर ‘तसेच असते’ एवढेच उत्तर मिळाले.

ए-४०२: ही, शी, इट आले की हॅज, आय, वी, यू, दे आले की हॅव. हा तक्ता पाठ करावा, म्हणजे प्रश्न मिटतो.

बी-१०३: तक्ता मला पाठ आहे, भाऊ. तरीही लिहिताना हात ‘हॅव’कडेच का वळतो, ते समजून घ्यायचे आहे.

सी-२०१ (निवृत्त शिक्षिका): आजी, ही चूक मराठीतून आली आहे आणि मोठी समंजस चूक आहे. ‘तिला तीन मुली आहेत’ या वाक्यात क्रियापद मुलींप्रमाणे चालते. मुलगी एकच असती, तर ‘तिला एक मुलगी आहे’ असे झाले असते आणि ‘तिला’ मात्र जागचे हलले नसते. इंग्रजीत ‘शी’ कर्ता होते आणि मुली कर्म होतात, त्यामुळे मुली तीन असोत वा तेरा, क्रियापद आईकडे पाहूनच ठरते. ‘दे हॅज वन कार’ ही उलटी चूकही याच वाटेने येते, कारण ‘त्यांच्याकडे एक गाडी आहे’ म्हणताना आपले ‘आहे’ गाडीकडे पाहते.

मुळात ‘हॅव’ला मराठीत एकच असे नेमके क्रियापद नाही. आपण ‘असणे’ वापरतो आणि बाकीचे काम विभक्तीवर आणि शब्दयोगी अव्ययांवर सोपवतो: मला भाऊ आहे, माझ्याकडे छत्री आहे, त्याच्या अंगात ताप आहे. इंग्रजी या साऱ्यांना एका ‘हॅव’मध्ये बसवते. (भाऊ आणि छत्री यांत भेद करणारी आपली पद्धत मला अधिक चोख वाटते, पण ते असो.)

डी-३०४: बाई, मग ‘मला भूक लागली आहे’ हे ‘आय हॅव हंगर’ असे होईल का?

सी-२०१: नाही, तेथे ‘आय ॲम हंग्री’. ताप मात्र ‘आय हॅव अ फीव्हर’. ही वाक्ये कानावर पडूनच बसतात, त्यांना नियमाचा फारसा आधार नाही.

ए-४०२: तक्त्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या मी एकदा कार्यालयातील बैठकीत ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे म्हटले होते. त्यात काय चुकले, हे अजून नीटसे कळलेले नाही.

सी-२०१: नाते किंवा मालकी ही स्थिती आहे, म्हणून तेथे ‘हॅविंग’ चालत नाही. ‘आय ॲम हॅविंग टी’ हे बिनचूक आहे, कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ पिणे असा आहे आणि ते पिणे चालू आहे. भाऊ काही पिता येत नाहीत.

बी-१०३: आणि प्रश्न विचारताना ‘डज शी हॅज’ असे लिहू ना?

सी-२०१: नको, आजी. ‘हॅज’च्या शेवटचा ‘ज’ ‘डज’ने आधीच उचललेला असतो, तो दोनदा कशाला? ‘डज शी हॅव’ असेच लिहावे. आता एक वाक्य स्वतःचे करून पाठवा.

बी-१०३: ‘माय ग्रँडसन हॅज टू रेड पेन्स.’ पेने दोन आहेत, तरी नातवाकडे पाहून ‘हॅज’ लिहिले आहे. त्यांतले एक मी आजच काढून घेतले आहे. वाक्यात ‘टू’चे ‘वन’ करावे लागेल, ‘हॅज’ तेवढे आहे तसेच राहील ना?

सी-२०१: अगदी तसेच राहील.