मदत हवी आहे: दूध बंद, वशाट बंद, पोरांना देऊ काय?

वडगावकरीण
कोणीतरी लवकर सांगा. घरात दूध-दही-तूप बंद झालंय, मटण-मासे-अंडी तर आषाढीपासूनच बंद. दोन लहान पोरं आहेत. थोरल्याच्या डब्यात काय घालायचं सुचेना झालंय. पोहे, उप्पीट, चपाती-भाजी, परत पोहे. वजन वाढेना. बदामाचं दूध आणून बघितलं, एवढ्याशा खोक्याला केवढे पैसे, आणि त्यानं एका घोटात तोंड वाकडं केलं. शनिवारी सासूबाई येणार, आल्या आल्या त्याच्या हातात दुधाचा पेला देणार. ज्यांच्या घरात खायला कुरकुर करणारी पोरं आहेत त्यांनीच लिहा.

चव्हाट गल्ली
पोरं केवढी? बंद कशासाठी केलंय? तेच लिहिलं नाही तर सांगणार काय?

कांदाभजी
बेळगावात राहून दूध बंद? मग कुंदा कुठल्या तोंडानं खाणार?

निपाणीकर
पिशवीचं दूध बंद करा, दूध नव्हे. गावठी गाईचं द्या. ते सोसत नसेल तर शेळीचं. आमच्या आज्जीनं सगळी नातवंडं शेळीच्या दुधावर वाढवली, एकाला कधी सर्दी नाही.

वडगावकरीण
दूध नको म्हणते तर दूधच सांगताय! थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. का बंद केलं ते राहू दे, काय द्यायचं ते सांगा.

हिरवा_पहिलवान
अभिनंदन ताई! वासराच्या तोंडचं काढून घेणं सोडलंत. मी स्वतः स्पिरुलिनाची, म्हणजे एका शेवाळाची पावडर घेतो, त्यात बी१२ पासून सगळं आहे. पोरांच्या चपातीच्या पिठात चिमूटभर घाला, कळणारही नाही.

हिंदवाडीची आई
पहिलवान, स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक आपल्या शरीराला न चालणारं, बी१२ सारखं दिसणारं. लहान पोरांचं त्याच्या भरवशावर सोडू नका.
वडगावकरीण ताई, 'का' ते राहू देऊन कसं चालेल? नुसतं पोट बिघडत असेल तर पुष्कळदा थोडं दही चालून जातं. अॅलर्जी असेल तर बिस्किटातली दूध भुकटीसुद्धा नको. आणि तत्त्व म्हणून सोडलं असेल तर गोष्टच वेगळी. तिन्हींची उत्तरं तीन.

वडगावकरीण
बरं बाई, ऐका. यांनी आषाढीला माळ घातली, म्हणून घरात वशाट बंद. दुधाचा त्याच्याशी संबंध नाही. थोरल्यानं दूध प्यालं की थोड्या वेळात अंगभर गांधी उठतात, मागच्या खेपेला ओठ सुजले. डॉक्टर म्हणाले दुधाचं सगळं बंद. मग एकासमोर दुसऱ्यानं कसं प्यायचं, म्हणून सगळ्यांचंच बंद केलं. झालं समाधान?

निपाणीकर
मग तर शेळीचंच द्या. ते हलकं असतं.

हिंदवाडीची आई
नका हो सांगू असं! गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या बहुतेक पोरांना शेळीचं आणि म्हशीचंही सोसत नाही, प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात. गावठी गाय काय आणि जर्सी काय, ह्या बाबतीत फरक नाही. ओठ सुजलेत त्याचे. पुढच्या वेळी श्वास अडकला, आवाज घोगरा झाला किंवा पोर मलूल पडलं तर धागा उघडत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

निपाणीकर
आमच्या वेळी अॅलर्जी नव्हती.

चव्हाट गल्ली
होती, नाव नव्हतं.

माळकरी_अनगोळ
माळ बापानं घातली, पोरानं नाही. त्याला अंडं द्या की, निदान घराबाहेर. आणि माळकऱ्याला दूध-तूप चालतं, ह्या दोन गोष्टींची गाठ घालू नका.

कांदाभजी
माळकऱ्यानं अंडं सांगावं! कलियुग.

माळकरी_अनगोळ
मी स्वतः खात नाही. माळ समजून घातलीय, दुसऱ्याच्या लेकरावर लादायला नाही.

वडगावकरीण
अंडं घरात येणार नाही, तो विषय संपला. अहो, उद्याचा डबा!

खानापूरची मावशी
नाचण्याची आंबील कर की गं. ताकाची नको, शेंगदाण्याच्या दुधाची. शेंगदाणे चालतात न्हवं त्याला? मूठभर रात्री भिजत घाल, सकाळी साल काढून एकदम बारीक वाट, पाणी घालून फडक्यानं गाळ. मंद जाळावर ढवळतच राहा, हात थांबला की बुडाला लागतं. उकळी आली की गार पाण्यात कालवलेलं नाचण्याचं पीठ सोड आणि कच्चा वास जाईपर्यंत शिजव. वरनं गूळ. आमची नात रोज खाऊलालीय, खरं गार झाली की शिवत नाही. तेव्हा डब्यात नको, सकाळी घरातच दे. डब्याला नाचण्याचं घावन, आत तिळकूट पसरून गुंडाळी.
सत्त्व काढून चोथा टाकू नको. कॅल्शियम सालपटात बरंच असतं.

वडगावकरीण
शेंगदाण्याची चटणी-भाकरी रोज खातो, काही होत नाही. मावशी, तुमचं पहिलं कामाचं उत्तर.

हिंदवाडीची आई
मावशींचं बरोबर. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, ह्या वयाला दिवसाला ५५० लागतं. शेवग्याचा पाला आणि तीळ जोडीला घेतले तर गाठता येतं. पालकावर मोजू नका, त्यातलं अंगी फारसं लागत नाही. बदामाच्या दुधात पाणीच जास्त. खोक्यातलंच हवं तर कॅल्शियम घातलेलं सोयाचं बघा, प्रथिनं त्यातच पुरेशी. पण काही पोरांना सोयाही सोसत नाही, डॉक्टरांना विचारून.
वजनाचं म्हणाल तर पोट लहान असतं. नुसता वरणभात कालवून भरवलात तर पोट भरतं, अंगी लागत नाही. त्यावर चमचाभर कच्चं शेंगतेल सोडा, उसळीवर लिंबू पिळा म्हणजे लोहही लागेल.
आता मला सांगा, धाकटी अंगावर पिते का? आणि तुम्हीसुद्धा दूध सोडलंय?

चहाबाज
मग पोराला सकाळी कोरा चहा आणि खारी द्या. आम्ही सगळे त्यावरच वाढलो.

हिंदवाडीची आई
खारीत लोणी असू शकतं, आणि चहानं जेवणातलं लोह वाया जातं. चहाबाज, तुम्ही वाढलात हे खरं.

वडगावकरीण
हो, अंगावर पिते. मी पण सगळं सोडलंय. माझं काय त्यात?

हिंदवाडीची आई
तुमचंच सगळं आहे त्यात. बी१२ झाडापाल्यातून भरवशाचं मिळत नाही, आंबवलेल्या इडलीतूनही नाही. तुमच्या अंगात कमी पडलं की बाळाला दुधातून कमी जातं, आणि ह्या वयात मेंदूची वाढ जोरात चाललेली असते. ह्याच आठवड्यात रक्त तपासा आणि डॉक्टरांकडून गोळी सुरू करून घ्या. दोन्ही पोरांचंही तेव्हाच विचारा. धाकटीला दुधानं काही झालेलं नसेल, तर तुम्ही सोडायचं कारणच काय? थोरल्याचा पेला-चमचा वेगळा ठेवा, झालं.

वडगावकरीण
हे कोणी सांगितलंच नाही.

चव्हाट गल्ली
थोरला अंगणवाडीत जातो ना? तिथं क्षीरभाग्यचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या योजनेतलं दूध देतात. टीचरला सांगितलंय का? आमच्याकडे टीचर कन्नडवाल्या. सरळ म्हणा, 'हालु बेड, अलर्जी इदे', म्हणजे दूध नको, अॅलर्जी आहे. आणि चिठ्ठी लिहून द्या.

सीमावासी
आपल्याच गावात लेकरासाठी कन्नडात हात जोडायचे. १९५६ पासून हेच चाललंय.

चव्हाट गल्ली
पोराचे ओठ सुजलेत अण्णा, मोर्चा नंतर काढू.

संपादक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. इथे खाण्याचंच.

वडगावकरीण
टीचरला सांगायचं राहिलंच होतं, उद्या चिठ्ठी देते. पण सासूबाईंना चिठ्ठी चालणार नाही. त्यांच्या मते थोडं थोडं दिलं की सवय होते.

खानापूरची मावशी
सासूला डॉक्टरकडेच घेऊन जा. सुनेचं कोण ऐकतंय?

हिंदवाडीची आई
मावशी म्हणतात ते करा. पुष्कळ पोरांची ही अॅलर्जी मोठेपणी जाते, पण गेली की नाही ते डॉक्टरांसमोर बघायचं, स्वयंपाकघरात नाही. बिस्किट-ब्रेडच्या पुड्यावर खाली बारीक अक्षरात 'दूध आहे' असं छापलेलं असतं, ते सासूबाईंनाही दाखवून ठेवा. गोकाकचा करदंट आणतील, त्यात तूप असतं.

नवीन_सभासद
नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. शेळीचं दूध अनगोळात कुठं मिळेल? आमच्या आजोबांना हवंय.

निपाणीकर
व्यनि (खासगी निरोप) करतो.