'लढाऊ विमानं भंगारात काढा' म्हणणाऱ्यांना काही प्रश्न

वातकुक्कुट:
काल इथे कुणीतरी लिहिलं की ड्रोन आले, वैमानिकाचा खेळ संपला, आता लढाऊ विमानांवर पैसा घालवणारे सगळे मूर्ख. पुरावा काय, तर १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमधून सोडलेल्या ड्रोननी रशियाची बॉम्बर विमानं जाळली. अहो, ती विमानं तळावर उभी होती! १९४१-४२ मध्ये ब्रिटिश एसएएस या कमांडो दलाच्या तुकड्या आफ्रिकेच्या वाळवंटात रात्री तळात शिरून उभी विमानं उडवत होत्या. तेव्हा कुणी विमानाचं श्राद्ध घातलं नव्हतं.

आणि ही भविष्यवाणी शिळी आहे. १९५७ साली ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी श्वेतपत्रिका काढून सांगितलं की क्षेपणास्त्रं आली, वैमानिकवाल्या लढाऊ विमानांचे दिवस भरले. प्रकल्प धडाधड गुंडाळले. तोच ब्रिटन आज जपान आणि इटलीला हाताशी धरून नवं लढाऊ विमान बनवतोय. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेलं एफ-४७ सुद्धा वैमानिकवालंच. पुढे वैमानिक एक आणि सोबत मानवरहित विमानांचा ताफा, असंच होणार. वैमानिक शून्य, हे मला पटत नाही.

धूमकेतू:
ती पोस्ट माझी होती, नाव घेऊन लिहायला हरकत नव्हती. ट्रकवाल्या ड्रोनचं सोडा. ऑगस्ट २०२० मध्ये दार्पाच्या (अमेरिकेची लष्करी संशोधन संस्था) स्पर्धेत हेरॉन सिस्टिम्सच्या एआयने अनुभवी एफ-१६ वैमानिकाला ५-० ने धुतलं. त्यावर 'ते सिम्युलेटरमध्ये होतं' म्हणणार ना? मग २०२३ मध्ये एक्स-६२ए हे खरंखुरं विमान एआयने खऱ्या एफ-१६ समोर लढवलं. आत सुरक्षेसाठी वैमानिक बसले होते, त्यांना दांडीला हात लावावा लागला नाही. माणसाला नऊ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोराच्या) आसपास डोळ्यांपुढे अंधार येतो, यंत्राला येत नाही. त्या एका शरीरापायी विमानात सीट, ऑक्सिजन, काचेची छत्री, इजेक्शन, सगळा बारदाना वागवायचा. कशासाठी?

चिकित्सक_मी:
५-० ची गोष्ट सांगणारे पुढचं वाक्य कायम गाळतात. त्या सिम्युलेशनमध्ये प्रतिस्पर्धी कुठे आहे, किती वेगात आहे, हे एआयला आयतं हातात मिळत होतं. रडार नाही, जॅमिंग (शत्रूने रेडिओलहरी बंद पाडणं) नाही, ढग नाहीत, फक्त तोफेची जवळची लढत. प्रत्यक्षात डिसेंबर २००२ मध्ये इराकवर अमेरिकेच्या प्रिडेटर ड्रोनने इराकी मिग-२५ लढाऊ विमानावर स्टिंगर क्षेपणास्त्र सोडलं होतं. प्रिडेटरचं काय झालं ते शोधून वाचा. मार्च २०२३ मध्ये काळ्या समुद्रावर रशियाच्या सु-२७ लढाऊ विमानाने अमेरिकेच्या एमक्यू-९ ड्रोनवर इंधन ओतलं आणि पंख्याला धडक दिली. ड्रोन पाण्यात.

धूमकेतू:
प्रिडेटर म्हणजे पंखा लावलेला कॅमेरा. त्याची तुलना वायएफक्यू-४२ए आणि ४४ए या अमेरिकेच्या नव्या मानवरहित लढाऊ विमानांशी करता? ती जेट आहेत आणि २०२५ मध्ये उडालीसुद्धा.

जुना_फिटर:
पोरांनो, हे सगळं आधी होऊन गेलंय. अमेरिकेचं एफ-४ फँटम लढाऊ विमान बनवताना असेच शहाणे म्हणाले होते, क्षेपणास्त्रं आहेत, तोफ कशाला. व्हिएतनाममध्ये मिग समोर आले तेव्हा काय झालं? तोफ नाही म्हणून वैमानिक दात-ओठ खात बसले. उद्या वैमानिक काढाल, परवा असेच रडाल.

चिकित्सक_मी:
फिटरकाका, ही तोफेची कहाणी आता बंद करा. अमेरिकी नौदलाच्या फँटमना शेवटपर्यंत आत तोफ बसवली नाही. त्यांनी १९६९ मध्ये टॉपगन ही हवाई लढतीची शाळा सुरू केली, वैमानिकांना नीट लढायला शिकवलं आणि कामगिरी सुधारली. १० मे १९७२ ला कनिंगहॅम-ड्रिस्कॉल जोडीने एका दिवसात तीन मिग पाडले, तिन्ही साइडवाइंडर क्षेपणास्त्राने. प्रश्न प्रशिक्षणाचा होता.

जुना_फिटर:
प्रशिक्षणाचा *पण* होता. १९६७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या ३६६व्या विंगने फँटमच्या पोटाखाली तोफेचा पॉड टांगून मिग पाडले, ते काय मंत्र म्हणून? आणि क्षेपणास्त्रांबद्दल मला शिकवू नका, आयुष्य त्यातच गेलं. पेटी उघडली आणि ओलावा शोषणारे निळे दाणे गुलाबी दिसले की समजायचं, हे पोर दमट हवेत राहिलंय. कनेक्टरची एक पिन केसभर वाकलेली असली तर जमिनीवरच्या चाचणीत सगळं ठीक दाखवतं आणि वर गेल्यावर मुकं होतं. कागदावर नेम लागण्याची शक्यता किती छान असते! आमच्या एका साहेबांना पिन दाखवली तर म्हणाले, "चाचणीत पास आहे ना? मग लावा." मी लावलं नाही, तर मलाच लेखी खुलासा मागितला.

धूमकेतू:
वाकलेली पिन वैमानिक वर बसून सरळ करणार आहे का?

जुना_फिटर:
क्षेपणास्त्र मुकं झालं तर त्याच्याकडे तोफ असते. एफ-३५ए मध्ये आजही २५ मिमीची तोफ आहे. उगाच?

चिकित्सक_मी:
एफ-३५बी आणि सी मध्ये आत तोफ नाही, लागली तर पॉड. मग ते मूर्ख?

सावनी:
तोफेतून बाहेर या कुणीतरी. मूळ प्रश्न आहे की गोळी झाडायचं कुणी ठरवायचं. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने ब्रिटनचं टॉर्नेडो आणि अमेरिकेचंच एफ/ए-१८ पाडलं. आपलंच विमान यंत्राला शत्रूचं क्षेपणास्त्र वाटलं. आता हेच शंभर एआय विमानांवर सोपवायचं?

धूमकेतू:
सावनीताई, १९९४ मध्ये इराकवर दोन एफ-१५ नी आपलीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली. वैमानिकांनी *डोळ्यांनी बघून* पाडली होती.

सावनी:
मान्य. माणूसही चुकतो. पण तेव्हा चौकशी कुणाची करायची हे ठाऊक होतं. अल्गोरिदमला कुठल्या पिंजऱ्यात उभं करणार?

टर्बाइन:
खरं दुखणं वेगळंच आहे. अमेरिकेच्या एफ-२२ लढाऊ विमानाचा नमुना, वायएफ-२२, त्याची निवड १९९१ मध्ये झाली, एफ-२२ सेवेत आलं डिसेंबर २००५ मध्ये. इतक्या काळात संगणकाच्या किती पिढ्या मेल्या! फ्रान्स-जर्मनीचं पुढचं विमान तर काम कुणाला किती यावरच अडलं, डसॉ आणि एअरबस या विमान कंपन्यांची धुणी चव्हाट्यावर. तुम्ही इथे माणूस की यंत्र करत बसा, विमान येईपर्यंत दोन्ही निवृत्त होतील. आणि इंजिनाबद्दल एक अक्षर नाही कुणाचं. चेहरा दिसायला देखणा, पण इंजिन...

वातकुक्कुट:
टर्बाइनराव, इंजिनावर आलात की रात्र जाते, नको. धूमकेतू, जॅमिंगचं उत्तर अजून दिलं नाहीत. जॅमिंगने रेडिओचा दुवा तुटला तर तुमचं विमान एकट्याने ठरवणार, आणि सावनीताईंचा प्रश्न तिथेच उभा राहतो. दुवा तुटू द्यायचा नसेल तर हुकूम देणारा माणूस जवळपास उडत हवा. चीनने जे-२० या लढाऊ विमानाची दोन आसनी आवृत्ती उगाच काढली नसेल.

धूमकेतू:
बरं बाबा, ठेवा तुमचा वैमानिक. म्हणजे तो लढणार नाही, मागे थांबून चार ड्रोनना कामं वाटून देणार. याला तुम्ही लढाऊ वैमानिक म्हणा, मी मुकादम म्हणतो. जिंकलात, अभिनंदन.

वातकुक्कुट:
मुकादम चालेल. पहिल्या पोस्टमध्ये मी वेगळं काय म्हटलं होतं?

जुना_फिटर:
१९७२ मध्ये एफ-४ई या आत तोफ असलेल्या फँटमने तोफेनेच मिग पाडले, हे अजून कुणी खोडलेलं नाही.