मदत हवी आहे : आठ महिन्यांपूर्वीचा रन सापडत नाही, सिम्युलेशनच्या फाइली टीममध्ये कशा ठेवाव्यात?

वाळूज_विश्लेषक :
नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी दिलेल्या एका ब्रॅकेटच्या अहवालाविषयी ग्राहकाने शंका काढली आहे आणि त्यातला २३१ मेगापास्कल हा कमाल ताण नेमक्या कोणत्या रनमधून, म्हणजे संगणकावर लावलेल्या कोणत्या गणनेतून आला, हे तीन दिवस शोधूनही आम्हाला सांगता येत नाही. ते काम करणारा सहकारी दिवाळीनंतर चाकणला गेला. त्याच्या फोल्डरमध्ये याच भागाचे अकरा रन आहेत. त्यांतल्या सातव्याचा आकडा २४८ आणि नवव्याचा २४१ येतो, पण २३१ कुठेच नाही. फाइली सगळ्यांना मिळतील आणि हरवणार नाहीत, असे एखादे सॉफ्टवेअर सुचवावे. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

शेंद्रा_सीएई :
दादा, सॉल्व्हर (गणित सोडवणारे सॉफ्टवेअर) कोणता, माणसे किती, एकूण डेटा किती आणि तो ठेवला कुठे आहे, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. धडकेच्या विश्लेषणात एका रनच्या फाइली डिस्क भरून टाकतात, साध्या स्थिर भाराच्या विश्लेषणात तसे होत नाही. दोहोंना एकच उत्तर लागू पडणार नाही. आणि त्या सहकाऱ्याला फोन केला का?

जुना_सर्व्हरवाला :
यात फार विचार करण्यासारखे काही नाही. चार डिस्कची एक नॅस पेटी (नेटवर्कवरची साठवण) घ्यावी, रेड ५ (डेटा सर्व डिस्कवर विभागून ठेवण्याची पद्धत) लावावे आणि सर्वांना ड्राइव्ह जोडून द्यावा. एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो. सोबत चांगला यूपीएस अवश्य घ्यावा, कारण आपल्या भागातली उन्हाळ्यातली वीज सर्वांना ठाऊक आहे.

जालना_टूलरूम :
रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे पुन्हा एकदा लिहावे लागत आहे. आमच्याकडे रोज रात्री विंडोजच्या रोबोकॉपी या आज्ञेने आरसाप्रत काढली जात असे. एका नव्या मुलाने आज्ञेत मूळ जागा आणि प्रतीची जागा यांची अदलाबदल केली. मिरर पर्यायात मूळ जागी नसलेली फाइल प्रतीच्या जागेवरून पुसली जाते, त्यामुळे आमचे दिवसभराचे काम गेले आणि रेडने ते पुसणे सगळ्या डिस्कवर इमानेइतबारे पार पाडले. एक प्रत वेगळ्या यंत्रावर आणि एक इमारतीबाहेर असलीच पाहिजे.

वाळूज_विश्लेषक :
डिस्क गेलेली नाही आणि फाइलही पुसली गेलेली नाही; आकडा कोणत्या रनचा ते कळत नाही, हे मी वर लिहिले आहे. सॉल्व्हर अबॅकस आहे, सहा माणसे आहेत, सुमारे ५ टेराबाइट डेटा सामायिक ड्राइव्हवर आहे आणि प्रत्येकाच्या नावाचे फोल्डर आहे. सहकाऱ्याला फोन केला होता. ‘सगळे तिथेच आहे’ एवढेच त्याने सांगितले.

कोड_आणि_जाळी :
मग गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) वापरावे, कारण अबॅकसला रनसाठी दिली जाणारी आयएनपी फाइल साध्या मजकुराची असते आणि भार, पदार्थाचे गुणधर्म किंवा जाडी यांतला बदल कोणी आणि कधी केला, ते गिट ओळीगणिक दाखवते. जाळीचे नोड (बिंदू) आणि एलिमेंट (त्यांनी बनलेले छोटे तुकडे) वेगळ्या फाइलीत ठेवून मुख्य फाइलीत इन्क्लूड करावेत, म्हणजे लाखो ओळींच्या गर्दीत बदललेली एक ओळ हरवत नाही. निकालाच्या ओडीबी फाइली मात्र बायनरी असल्यामुळे त्या गिटमध्ये घालू नयेत. गिटहब ही ऑनलाइन सेवा तर १०० मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल सरळ नाकारते. माझ्या मते जुन्या ओडीबी पुसूनच टाकाव्यात, कारण आयएनपी हाती असेल तर रन पुन्हा लावता येतो.

जालना_टूलरूम :
पुन्हा लावता येतो, पण कोणत्या आवृत्तीवर? सॉल्व्हरची आवृत्ती बदलली की संपर्काच्या (भाग एकमेकांना टेकतात तिथल्या) गणितात आकडा थोडा सरकू शकतो, आणि ग्राहक नेमके त्या ‘थोड्या’विषयीच विचारतो. शिवाय नव्या आवृत्तीची ओडीबी जुन्या आवृत्तीत उघडत नाही. अहवालात गेलेल्या रनची ओडीबी ठेवावी, बाकीच्या पुसाव्यात.

कोड_आणि_जाळी :
अहवालात कोणता रन गेला हे कळत असते, तर हा धागाच निघाला नसता.

पीएलएम_सल्लागार :
याच कामासाठी सिम्युलेशन डेटा व्यवस्थापनाच्या प्रणाली असतात. सीमेन्सचे टीमसेंटर घ्या किंवा अ‍ॅन्सिसचे मिनर्व्हा घ्या. त्यांत प्रत्येक विश्लेषण भागाच्या रिव्हिजनला (ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीला) बांधलेले राहते, त्यामुळे कोणता निकाल कोणत्या ड्रॉइंगचा, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय दहा-पंधरा वर्षांनी सॉल्व्हर बदलला तरी निकाल वाचता यावेत, यासाठी आयएसओ १०३०३ मधील एपी २०९ या विश्लेषणाचा डेटा साठवण्याच्या प्रमाणित स्वरूपाचाही विचार करावा.

शेंद्रा_सीएई :
त्यांना सोमवारी उत्तर द्यायचे आहे आणि आपण पंधरा वर्षांनंतरची सोय लावत आहात. सहा माणसांच्या विभागाला निदान आज एक नोंदवही पुरेशी आहे : रनचा क्रमांक, ड्रॉइंगची रिव्हिजन, आयएनपीचे नाव, सॉल्व्हरची आवृत्ती आणि अहवालाचा क्रमांक. मात्र रन लावण्यापूर्वी नोंद करण्याचा नियम हवा; नंतर कोणीही करत नाही, मीही करत नाही.

पदविकेचा_मास्तर :
मला मूळ प्रश्नाकडे यायचे आहे. सर्वांनी फाइल शोधली, पण आकडा वाचला कसा गेला, हे कोणीच विचारलेले नाही. निकाल दाखवणारा अबॅकस व्ह्यूअर एका नोडवर शेजारच्या एलिमेंटांकडून आलेले ताण सरासरी करून रंग दाखवतो आणि त्या सरासरीची मर्यादा मुळात ७५ टक्के असते (ताणांतला फरक याहून कमी असेल तरच सरासरी होते). ती १०० टक्के केली की शेजारच्या एलिमेंटांतले मोठे फरकही सरासरीत मिसळतात आणि कोपऱ्यातला कमाल ताण सहसा खाली येतो. म्हणजे ओडीबी एकच राहून आकडे दोन होऊ शकतात. सातवा आणि नववा रन उघडून ही मर्यादा बदलून पाहावी. पुढे कोणतीही प्रणाली घेतली, तरी चित्रे काढणारी पायथन स्क्रिप्ट रनच्या शेजारीच जतन करावी. नाहीतर निकाल जपला जाईल आणि अहवाल पुन्हा अनाथ राहील.

वाळूज_विश्लेषक :
मास्तर, सातव्या रनमध्ये मर्यादा १०० टक्के केल्यावर २३१ आला, दशांशासह आला. आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. पण त्यामुळे दुसरेच प्रकरण बाहेर आले आहे. अहवालावर रिव्हिजन सी लिहिलेली आहे आणि सीमध्ये पत्रा ३.५ मिलिमीटरचा आहे. सातव्या रनच्या आयएनपीत जाडी ४ आहे, म्हणजे ती रिव्हिजन बी झाली. आता अकराही फाइली उघडून पाहिल्या, तर सीचा रन कधी लावलाच गेला नव्हता असे दिसते.

शेंद्रा_सीएई :
भार तोच असेल आणि पत्रा मुख्यतः वाकत असेल, तर ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ४ वरून ३.५ म्हणजे सुमारे ३१ टक्के वाढ, म्हणजे २३१चे ३०० च्या वर जातील. पदार्थाची यील्ड मर्यादा (ज्या ताणापुढे पत्रा कायमचा वाकतो) किती आहे?

वाळूज_विश्लेषक :
ड्रॉइंगवर ई३५० हा पोलादाचा दर्जा लिहिला आहे, म्हणजे किमान ३५० मेगापास्कल. आम्ही ग्राहकाला १.५ चा सुरक्षा गुणक कबूल केला आहे, म्हणजे ताण सुमारे २३३ च्या आत हवा.

जुना_सर्व्हरवाला :
तरीही नॅस पेटी घ्याच.

वाळूज_विश्लेषक :
सीचा रन आत्ता रात्री लावला आहे. या वेळी स्थानिक डिस्कवर, आणि नोंदवहीत आधी लिहून. ग्राहकाला पत्र रनच्या आधी पाठवावे की नंतर, यावर साहेबांचे आणि माझे एकमत होत नाही. कोणाला असा प्रसंग आला असेल तर सोमवार सकाळपूर्वी लिहावे.

पदविकेचा_मास्तर :
आधी. चूक सापडल्याचे आजच कळवावे आणि आकडा सोमवारी द्यावा. ते ब्रॅकेट गाड्यांवर लागले असेल, तर थांबवायचा निर्णय ग्राहकाचा आहे, आपल्या रनचा नव्हे.