प्रतिसाद : पावसाळ्यात शौचालयाचा खड्डा का तुंबतो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात शौचालयाचे खड्डे तुंबतात म्हणून सेप्टिक टँकच बांधावा, असं वर कोणीतरी लिहिलंय. माझ्या मते दोष दोन खड्ड्यांच्या पद्धतीत (एक खड्डा वापरात, दुसरा बंद; पहिला भरला की अदलाबदल) नाही, बांधणीत आहे. २०१४ पासून स्वच्छ भारत मिशनमध्ये हीच पद्धत सुचवली जाते.

पाच माणसांच्या घराला एक मीटर व्यासाचे, साधारण तेवढेच खोल दोन खड्डे पुरतात. मध्ये किमान एक मीटर अंतर. खड्ड्याच्या भिंतीत पाणी मुरायला विटांमध्ये फटी (जाळी) ठेवायच्या, तळ मातीचाच. गवंडी सवयीने तळाला काँक्रीट टाकतो, मग पाणी मुरणार कुठं?

खानापूरकडे पावसात भूजल वर येतं. तिथं खड्डा उथळ घ्या, वरची कड जमिनीपेक्षा फूटभर उंच, भोवती मातीचा भराव. विहीर खड्ड्यापासून किमान दहा मीटर दूर हवी. बैलहोंगलच्या काळ्या मातीत भिंतीबाहेर फूटभर वाळू-खडी भरा, नाहीतर मुरतच नाही.

आणि शौचालयातून दोन्ही खड्ड्यांकडे पाइप जिथून फुटतात त्या चेंबरमधलं एक तोंड बंद हवंच! दोन्ही उघडी राहिली की दोन्ही खड्डे एकदम भरतात, मग ओला मैला उपसावा लागतो. भरलेला खड्डा दोन वर्षं बंद ठेवला की कोरडं, वास नसलेलं खत मिळतं.