चौथ्या पिढीच्या मशीनवर अजून पैसे घालायचे का?

पत्रिकावाला, अमळनेर
लग्नपत्रिका, बॅनर, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच मशीनवर. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ (जुन्या प्रकारच्या) रॅमची एकच पट्टी, ५०० जीबी हार्डडिस्क. सकाळी बटण दाबतो, झाडू मारतो, अगरबत्ती लावतो, चहा सांगतो, तेव्हा कुठे कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या लायकीचं होतं. तोवर "फक्त मामाचं नाव राहिलं हो" म्हणत गिऱ्हाईक डोक्यावर उभं. बजेट १५ हजार, ओढूनताणून १८.

दुकानदार म्हणतो, सगळं काढून टाका. माझं मत उलटं आहे. प्रोसेसर ठणठणीत आहे. एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), ८ जीबीची अजून एक पट्टी आणि बरा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) घातला की तीन वर्षं सहज निघतील. ज्याला पटत नाही त्याने बोलावं. फक्त "अजून १० हजार टाक" म्हणू नका.

तापीकाठ
मला नाही पटत. हा प्रोसेसर २०१४ चा. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तुम्ही लोकांची आधारकार्डं, पासबुकं त्या मशीनवर स्कॅन करता ना? वरून डीडीआर३ ची पट्टी नव्या कुठल्याच बोर्डात बसत नाही. म्हणजे ते पैसे बुडाले. त्यापेक्षा एएम४ चा (एएमडीच्या प्रोसेसरचा) बोर्ड आणि एएमडीचाच रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या. सहा कोअर (एकाच चिपमध्ये काम करणारे सहा मेंदू), ग्राफिक्स आतच. कॅबिनेट, मॉनिटर जुनंच ठेवा.

केळीपट्टा
तापीकाठ भाऊ, १८ हजारात बसवून दाखवा. डेटासेंटरवाले माल उचलायला लागल्यापासून, २०२५ च्या शेवटापासून, रॅमचे भाव कुठे गेलेत ते तुम्हाला माहीत आहे. ५६००जी ला एका पट्टीवर चालवलं तर आतलं ग्राफिक्स लंगडतं, म्हणजे दोन घ्या. त्यातलीच थोडी रॅम ग्राफिक्स स्वतःला ठेवून घेतं. हिशोब पूर्ण मांडा, नुसता प्रोसेसरचा नको.

पत्रिकावाले, तुमचं दुखणं हार्डडिस्क आहे. ती सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, तीसुद्धा फाइल सलग असेल तर. बारीक फाइली शोधताना तिची सुई नुसती धावत असते. साधी साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच केबलवर लागणारी) पाचशेच्या वर जाते. एच८१ वर साटाचे काही पोर्ट जलद आणि काही जुने असतात, बोर्डावरची अक्षरं बघून जलदमध्येच लावा.

भरीतपार्टी, भुसावळ
भाऊ, पह्यले तुना एसएमपीएस बदल. बाकीनं मंग दखू. कॅबिनेटसोबत येस तो एसएमपीएस नही शे, नुसता डबा शे!

आता सगळ्यांना कळेल असं सांगतो. डब्याचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात माझ्याकडच्यावर १६ ॲम्पिअर होतं. गुणाकार करा, १९२ वॅट. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं त्या १२ वरच जगतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, दुकानावर पत्रा, संध्याकाळी व्होल्टेज वरखाली. माझा गेला तेव्हा बोर्ड सोबत घेऊन गेला. अर्थिंगही एकदा तपासून घ्या. माउस धरल्यावर कॅबिनेटला कोपर लागून झिणझिण्या येत असतील तर समजा, अर्थिंग नाही.

चाळीसगावकर ताई
दोघांचंही सोडा. ऑफिसमधून निघालेली आठव्या पिढीची ब्रँडेड मशीनं मिळतात, विंडोज ११ अधिकृत चालतं. मुलीच्या अकरावीसाठी तेच घेतलं.

भरीतपार्टी, भुसावळ
ताई, शिकायला उत्तम. पण त्यातल्या बऱ्याच मशीनचा एसएमपीएस कंपनीच्या मापाचा, बोर्डाची पिनही वेगळी. गेला की जळगावच्या गोलाणी मार्केटभर फिरा.

चाळीसगावकर ताई
गेला की फिरेन. अजून तरी गेलेला नाही.

जुनाट
क्रिप्टो मायनिंगमधून (आभासी चलन कमवायला वापरून) निघालेलं एखादं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात घालून टाका ना.

केळीपट्टा
पत्रिकेवरच्या गणपतीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही हो. कोरलला एका कोअरचा वेग हवा.

तापीकाठ
एका कोअरचा वेग म्हणता, तोच तर चौथ्या पिढीत मागे पडतो! आणि विंडोजचं काय? त्यावर कोणी बोललंच नाही.

पत्रिकावाला, अमळनेर
रविवारी कॅबिनेट उघडलं. आत धुळीची गोधडी, पंख्यात मेलेली पाल. स्टिकर वाचलं, १२ व्होल्टला १४ ॲम्पिअर. भरीतपार्टींना दंडवत. हार्डडिस्कची तब्येत बघणारं सॉफ्टवेअर चालवलं तर पिवळा इशारा. सेक्टर मरायला लागलेत. आठ वर्षांच्या पत्रिका तिच्यावरच! आधी त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या.

विंडोजचं म्हणाल तर या पिढीवर तपासणी टाळून ११ बसतं, पण अपडेटची हमी कोणी देत नाही. मुदतवाढीचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, तोवर १० च ठेवतो. आधार-पासबुकाचं तापीकाठ बोलले ते लागलं. स्कॅन केलेलं त्याच दिवशी पुसायला सुरुवात केली आहे.

एसएसडी आणि एसएमपीएस घेतला. प्रोसेसरला वीज देणारी ४+४ पिन बघून घेतला, म्हणजे उद्या नव्या बोर्डालाही चालेल. पट्टी नाही घेतली. एक जण फारच स्वस्तात देत होता. सोबतचा पोरगा कानात म्हणाला, ही फक्त एएमडीवर चालते, तुमच्या इंटेलवर स्क्रीनच येणार नाही. वर तापीकाठ म्हणतात तेही खरं, ती पुढे कुठेच बसणार नाही.

केळीपट्टा
अहो, पण ८ जीबीवर कोरल आणि फॉर्मचे वीस टॅब? चांगल्या कंपनीची जुनी पट्टी तपासून घ्यायची होती. निम्मं काम करून आलात.

तापीकाठ
निम्मं नाही, बरोबर केलं. जे घेतलं ते पुढच्या मशीनमध्ये जाईल. ऑक्टोबरात एएम४ चा जुना बोर्ड बघाल तेव्हा मला विचारा. ५६००जी च्या ५००० मालिकेसाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) नवा आहे का, ते दुकानातच सुरू करून बघायचं असतं. आणि ५६००जी पीसीआयई ३ वरच (जोडणीच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीवर) चालतो, तेव्हा जेन ४ (पुढच्या पिढीच्या) एसएसडीला जास्तीचे पैसे देऊ नका.

भरीतपार्टी, भुसावळ
ऑक्टोबर लांब आहे. त्याच्या आधी मे यायचा आहे.

पत्रिकावाला, अमळनेर
आता झाडू हातात घेतो तोवर मशीन तयार असतं. बायको म्हणते, दुकानात कचरा राहायला लागला.